माठ बद्द वाजला, तडा कुठे?

आज एकाच संख्येबद्दल बोलायचं आहे. 2 चा 67 वा घात घ्या, त्यातून 1 वजा करा. येते ती एकवीस अंकी संख्या: 14,75,73,95,25,89,67,64,12,927. फ्रान्समधल्या मर्सेन या धर्मोपदेशकाने 1644 मध्ये ही मूळ संख्या आहे असं लिहून ठेवलं. दोनशेहून अधिक वर्षांनी, 1876 मध्ये, एद्वार लुकास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिलं की ती मूळ नाही. मग तिला भाग कशाने जातो? ते मात्र लुकासला सांगता आलं नाही.

इथेच आपली मुलं अडतात, आणि रागावू नका, पण शिक्षकही अडतात. अवयव सापडला नाही, तर संख्या संयुक्त आहे हे कशावरून? अहो, बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतोच ना? खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. तडा डोळ्यांना दिसलेला नसतो, तरी तो आहे याबद्दल कानाला शंका नसते.

लुकासची कसोटी म्हणजे ही टिचकी. तिचं आजचं रूप सोपं आहे. 4 घ्या, वर्ग करा, 2 वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी घ्या, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करा. 31 म्हणजे 2 च्या 5 व्या घातातून 1 वजा. तिथे येतं 4, 14, 8, 0. शून्य आलं, माठ पक्का! 67 व्या घाताच्या वेळी हे 65 वेळा करायचं, आणि शेवटी शून्य येत नाही. संपलं. अवयव कोणी शोधलेलाच नाही.

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: माठ फुटका आहे हे कळणं वेगळं, तडा सापडणं वेगळं. तडा कुठल्या रेघांवर असू शकेल हे ठाऊक होतं. इथला प्रत्येक अवयव 134 च्या पटीपेक्षा 1 ने मोठाच असावा लागतो. पण अशा रेघा लाखोंनी! अमेरिकेचे फ्रँक नेल्सन कोल यांनी वर्गांच्या बाकींचा आधार घेत तो तडा शोधला आणि ऑक्टोबर 1903 मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत मांडला: 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287. किती वेळ लागला असं विचारल्यावर ते ‘तीन वर्षांचे रविवार’ म्हणाले, असं एरिक टेंपल बेल यांनी लिहिलं आहे. गुणाकार पडताळायला आपल्याला पाच-दहा मिनिटं पुरतात.

इंटरनेटवरच्या गुप्त संदेशांची एक मोठी पद्धत फुटका कळणं आणि तडा सापडणं यांतल्या याच अंतरावर उभी आहे. तिथे माठ फुटका आहे हे सगळ्यांना सांगितलेलंच असतं, आणि तरीही... पण वेळ संपत आला, तो विषय मोठा आहे. पालकांनो, मुलांना आज 2047 द्या. तो 2 चा 11 वा घात वजा 1. आधी टिचकी, 4 पासून नऊ पायऱ्या. शून्य येतं का ते बघू द्या, आणि मगच 23 ने भागू द्या.