पुढचं पुस्तक कधी?

(भुशी येथे झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. ओघात आलेला काही भाग गाळला आहे.)



सकाळचं सत्र सगळं कलमांत गेलं. आपल्या तोंडी बसलेलं 498 अ हे 1 जुलै 2024 पासून नव्या न्याय संहितेत 85 झालं, हे पाठ करण्यातच आपली अर्धी शक्ती संपली. त्यामुळे जेवणानंतर पुस्तकांवर बोलायचंय असं जाहीर झालं, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "चला, आता डोळा लागला तरी चालेल." मी ऐकलंय ते!

विषय तसा भरल्या पोटीचा वाटतो. आवडत्या लेखिकेचं पुढचं पुस्तक येणार आहे, त्याची वाट पाहायची. पगारदार, ग्रंथालयवाल्या, शहरी बाईची ही चैन, आपल्याला कुठला वेळ? मलाही कॉलेजात असताना गौरी देशपांडे, सानिया यांची पुस्तकं शोधत हिंडणं हा आपला खासगी षौक वाटायचा. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती. इथे काम करायला लागल्यावर माझं मत बदललं.

भुशी म्हटलं की बाहेरच्यांना धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी आठवतं. रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून हे धरण बांधलं. इंजिनं गेली आणि पर्यटक आले. आपल्या गटातल्या बऱ्याच जणींचे जून ते सप्टेंबर कणसं भाजण्यात, भजी तळण्यात आणि चहा उकळण्यात जातात. वर्षाची निम्मी कमाई त्या चार महिन्यांची. 2024च्या जूनअखेरीस धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर निर्बंध आले आणि त्याचा पहिला फटका या टपऱ्यांनाच बसला. तर, वाचन सुरू होतं ते दिवाळीनंतर. गुरुवारी संध्याकाळी एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा सोलत, लसूण निवडत ऐकायचं.

एका हिवाळ्यात आम्ही कविता महाजन यांची 'ब्र' वाचली. 2005 साली आलेली कादंबरी. आदिवासी भागातल्या सरपंच बायका आणि त्यांच्यात फिरणारी संस्थेची कार्यकर्ती. ऐकणाऱ्यांत शेजारच्या गावची एक माजी सरपंच होती. सह्या कोण करतं, खुर्चीत कोण बसतं, ग्रामसेवक कुणाकडे बघून बोलतो, हे येऊ लागलं तशी ती पुढे सरकून बसली. म्हणाली, "ही बाई आमच्या पंचायतीत कधी येऊन गेली?" पुस्तक संपायला तीन महिने लागले. शेवटच्या गुरुवारी तिनेच विचारलं, "हिचं पुढचं कधी येतंय?"

कविता महाजन 27 सप्टेंबर 2018 रोजी गेल्या, हे मला सांगावं लागलं. वय होतं अवघं 51. 'ब्र'नंतर 'भिन्न' आली होती, एचआयव्हीवर, 2007मध्ये. 'कुहू' आली, कविता, लेख, अनुवाद, संपादनं झाली. ते सगळं आम्ही पुढे आणलं. पण त्या संध्याकाळी बायका गप्प बसल्या. मग एकजण म्हणाली, "किती लिहायचं राह्यलं असेल हिचं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण बाईच्या लिहिण्याचा इतिहास काढायला बसलात, तर तो राहिलेल्या पुस्तकांचा इतिहास निघतो. ताराबाई शिंदे घ्या. 'स्त्रीपुरुष तुलना' 1882 साली आलं. भोवतालच्या पुरुषांनी झोड उठवली, जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र कधी आलं नाही. मालश्यांनी 1975 साली ते पहिलं पुन्हा छापेपर्यंत आपल्यापैकी फारशा कुणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आपण पोस्टरवर त्यांचं नाव लिहितो, पण 1882 साली 'ताराबाई, पुढचं कधी?' असं विचारणाऱ्या शंभर बायका असत्या तर? त्या काळी वाचता येणाऱ्या बायकाच किती होत्या म्हणा!

आता फलटण तालुक्यात चला. एकाच तालुक्यातली ही गोष्ट. विंचुर्णीला गौरी देशपांडे राहिल्या. महर्षी कर्व्यांची नात, इरावतीबाईंची मुलगी, इंग्रजी-मराठी दोन्हींत लिहिणारी. 'विंचुर्णीचे धडे' त्यातूनच आलं. त्यांच्या पुस्तकाकडे वाचक डोळे लावून असायचे. दिवाळी अंकात नाव दिसलं की अंक उचलला जायचा. आणि तिथेच, फलटण गावात, बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवत होत्या. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचत होत्या आणि लपवून लिहीत होत्या. नवऱ्यापासून, मुलापासून लपवून, जवळजवळ वीस वर्षं. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना ते लिखाण दिसलं, त्यांनी धीर दिला. 1982 साली 'स्त्री' मासिकात ते क्रमशः येऊ लागलं आणि 1986मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. वीस वर्षं एक पुस्तक तयार होत होतं आणि त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं, कारण बाई लिहिते हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

याच्याशेजारी दुसरी वाट ठेवून बघा. भालचंद्र नेमाड्यांची चांगदेवची कादंबरीमालिका 1979मध्ये पुरी झाली, आणि 'हिंदू' आली 2010 साली. मध्ये कविता आली, टीका आली, पण कादंबरी नाही. 31 वर्षं मराठी वाचकाने 'हिंदू'ची वाट पाहिली, तिच्या नुसत्या अफवांवर चर्चा केल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. लेखकाला असा वेळ मिळावाच. मला हेवा वाटतो तो त्या धीराचा. बाईने दहा वर्षं पुस्तक दिलं नाही तर लोक म्हणतात, संपली हो ती, संसारात पडली असेल.

इथे एक अडचण आहे. 'पहिलं झालं, आता दुसरं कधी?' हा प्रश्न आपल्या पोटाला इतक्यांदा विचारला गेलाय की पुस्तकाबद्दलही तो ऐकताना अंगावर काटा येतो. लिहिणाऱ्या बाईच्या मानगुटीवर बसायचं नाही. तिला नसेल लिहायचं तर नसेल. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि तिच्या लिहिण्याला आपल्यातर्फे जागा धरून ठेवणं वेगळं. बसमध्ये रुमाल टाकून ठेवतो ना आपण मैत्रिणीसाठी, तसं.

हे करायचं कसं? पैशांपासून सुरू करते, कारण ते कुणी बोलत नाही. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती ही जुनी रीत. आता कित्येक प्रकाशक त्याहून कमीच छापतात. अशा बाजारात आधी पैसे भरून मागवलेल्या पन्नास प्रती म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. प्रकाशनपूर्व सवलत असते ती हीच. पुस्तक जाहीर होतं, अमुक तारखेपर्यंत पैसे भरलेत तर कमी किमतीत मिळतं. प्रकाशकाला कागदाचे, छपाईचे पैसे आधी हाताशी येतात आणि किती छापायचं याचा अंदाजही. वाचकांनी एकत्र येऊन पुस्तकांमागे उभं राहायचं, हे ग्रंथाली वाचक चळवळीने करून दाखवलंय. 'बलुतं' 1978 साली, 'उपरा' 1980 साली आणि उर्मिला पवारांचं 'आयदान' 2003 साली त्यांच्याकडूनच आलं. बचत गटाचा हप्ता भरणाऱ्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आमच्या गटाने दरमहा प्रत्येकी 20 रुपये वेगळे ठेवले, 19 जणींचे वर्षाला 4,560 झाले. त्यात पेटीतली जुनी पुस्तकंही शिवून घेतली.

दुसरं, वाचनालय. 1967च्या कायद्यापासून सरकारी अनुदानावर गावोगावी वाचनालयं चालतात. तिथे कुठली पुस्तकं घ्यायची हे समिती ठरवते, आणि समितीत कोण असतं ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या भागातल्या एका वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांची चार कपाटं आणि बायकांसाठी म्हणून पाककृती. मागणीची वही मात्र टेबलावर असते. आपल्या 12 जणींनी एकाच आठवड्यात तिथे एकाच पुस्तकाचं नाव लिहिलं. ग्रंथपाल गोंधळले, म्हणाले, "अहो, एकदा लिहिलं तरी चालतं." चालत नाही, हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं. पुस्तक आलं.

आणि दिवाळी अंक. 1909 साली 'मनोरंजन'ने ही प्रथा पाडली. पुढे येणाऱ्या पुस्तकांचा सुगावा मला अजून तिथेच लागतो. यंदा जिची लांब कथा आली, तिची दोनचार वर्षांत कादंबरी येऊ शकते. अनोळखी नाव दिसलं की अंकाचं नाव आणि वर्ष टिपून ठेवा. संपादकांच्या पत्त्यावर एक पत्र टाका, 'या लेखिकेचं आणखी वाचायला आवडेल' एवढंच. पोस्टकार्डावर लिहा, व्हॉट्सॲपवर लिहा, कशावरही. आम्ही अशी सात पत्रं पाठवली, दोघींची उत्तरं आली. एकीने लिहिलं होतं की कथा छापून आल्यावर घराबाहेरच्या कुणाचं आलेलं हे पहिलंच पत्र.

शेवटचं, आपल्यातल्यांबद्दल. या खोलीत निदान तिघी लिहितात, मला ठाऊक आहे, नावं घेत नाही. एकीची वही तांदळाच्या डब्यामागे असते असं ती स्वतःच काल रात्री बोलून गेली.

चहानंतर गट पाडू. तुमच्याबरोबरच्या दोघींना विचारा, कुणाच्या पुढच्या पुस्तकाची वाट बघता आणि का. नाव आठवत नसेल तर गोष्ट सांगा, नाव आपण शोधू. ही वही फिरवते आहे, त्यात लिहा. प्रकाशनपूर्व सवलतीची यादी त्यावरूनच करायची आहे, तेव्हा अक्षर जरा लागेल असं काढा. साडेचारला थांबू, कामशेतकडे जाणाऱ्यांची लोकल चुकायला नको.