खेळाडूचा सत्कार आणि घरचा मार



ह्या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी प्रथा आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेने, फुकट वाचनालयाने आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांनी केले. तीस वर्षे युनियनचे काम करताना एकच विद्या अंगी आली. तंटा समोर आला की त्यातले मुद्दे सुटे करावयाचे. पगाराचा प्रश्न पगाराच्या जागी, शिस्तीचा शिस्तीच्या जागी, मानाचा मानाच्या जागी. सगळे एकत्र कालवले की कामगारही हरतो आणि न्यायही हरतो. आजचा विषय आम्ही ह्याच रीतीने आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रश्न असा की, ज्या खेळाडूने घरातल्या स्त्रीवर हात उगारला, त्याचा गौरव समाजाने करीत राहावे काय?

हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मैदानावरचे मैदानावर आणि घरचे घरात. आपल्याला त्याच्या धावांशी कर्तव्य. दुसरा म्हणतो, असल्या माणसाचे नावच पुसून टाका. आम्हांस दोन्ही तट कच्चे वाटतात.

आपल्या परिचयाचे एक नाव घेऊ. जेफ्री बॉयकॉट. इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या कोळसाखाणींच्या मुलुखातला हा खाणकामगाराचा मुलगा. १०८ कसोटी सामने, ८११४ धावा, २२ शतके. सोबर्सचा त्या काळचा सर्वाधिक धावांचा विक्रम त्याने १९८१ साली मोडला तो आपल्याच दिल्लीत. पुढे दूरचित्रवाणीवरून त्याचा आवाज आपल्या घराघरांत आला आणि सौरभ गांगुलीला ‘कलकत्त्याचा राजपुत्र’ म्हणणारा हा गोरा म्हातारा आपल्या पोरांना आवडूनही गेला. खाणकामगाराच्या पोटी जन्मून तो एवढा चढला ह्याचे आम्हां कामगारांना कौतुक का वाटू नये? वाटलेच.

आता त्याच्या आयुष्यातला दुसरा हिशेब पाहा. १९६७ च्या जून महिन्यात लीड्स येथे आपल्या संघाविरुद्ध त्याने नाबाद २४६ धावा काढल्या. पुढच्या कसोटीत त्याला वगळण्यात आले. अपराध कोणता? संथ खेळला! पुढे १९८२ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत बंडखोर संघाबरोबर तो खेळावयास गेला, तेव्हा सोबत्यांसह त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ती योग्यच होती. म्हणजे क्रिकेटचे चालक वेळ आली म्हणजे शिक्षा करू शकत होते, आणि मैदानाबाहेरच्या नीतीचा विचारही करू शकत होते.

१९९६ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधील आंतीब येथील एका हॉटेलात आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीला मारहाण केल्याचा खटला त्याच्यावर झाला. १९९८ साली फ्रेंच न्यायालयाने त्यास दोषी ठरविले, तीन महिन्यांची स्थगित कैद आणि ५०,००० फ्रँक दंड सुनावला. २००० साली अपीलही फेटाळले गेले. ती बाई स्वतःच घसरून पडली, असे त्याचे म्हणणे होते आणि ते त्याने कधी सोडले नाही. न्यायालयाने ते मानले नाही.

आणि २०१९ साली पंतप्रधानपद सोडताना थेरेसा मे ह्यांनी जी सन्मानयादी काढली, तीत क्रीडासेवेबद्दल जेफ्री बॉयकॉट ‘सर’ झाला. त्याच बाईंच्या सरकारने त्याच वर्षीच्या जुलैत घरगुती अत्याचाराविरुद्धचे विधेयक पार्लमेंटात मांडले होते! पीडित स्त्रियांसाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने निषेध केला. त्यावर रेडिओवरून नव्या ‘सरां’चे उत्तर आले की आपल्याला त्याची मुळीच पर्वा नाही, आणि फ्रान्सात म्हणे निर्दोष ठरेपर्यंत माणूस दोषीच धरतात. आरोपी निर्दोष मानावा हे तत्त्व फ्रेंचांनी १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातच लिहून ठेवले आहे, हे त्यांस कोणी सांगितले की नाही, देव जाणे.

कोणी म्हणेल, सन्मान एकदा दिला म्हणजे दिला, त्यात नीतिअनीती कोण पाहतो? तर तसेही नाही. लेस्टर पिगट हा इंग्लंडचा थोर जॉकी. डर्बी नऊ वेळा जिंकलेला. १९८७ साली करचुकवेगिरीबद्दल तो तुरुंगात गेला आणि त्याचा ‘ओ. बी. ई.’ हा किताब काढून घेण्यात आला. नसीम हमीद हा मुष्टियोद्धा २००६ साली बेफाम मोटार चालविल्याबद्दल तुरुंगात गेला. त्याचाही किताब गेला. तिथला नियम कैदेच्या मुदतीवर बोट ठेवील, हे आम्ही जाणतो. पण नियम शेवटी माणसेच करतात. सरकारचा कर बुडविला, किताब गेला. रस्त्यावर मोटार उधळली, किताब गेला. बाईला मारल्याचा निकाल झाला, किताब आला! कोणत्या अपराधाचे वजन किती, हे समाज ज्या तराजूवर ठरवतो, त्या तराजूत स्त्रीचे अंग सर्वांत हलके भरते, एवढाच ह्याचा अर्थ.

आता दुसऱ्या तटाकडे वळू. त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल, कारण तिथे एका युनियनने ह्या प्रश्नात हात घातला होता.

रे राइस हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू. १५ फेब्रुवारी २०१४ रोजी अटलांटिक सिटीतल्या एका जुगारघराच्या लिफ्टमध्ये त्याने आपल्या वाग्दत्त वधूला ठोसा मारला आणि ती बेशुद्ध पडली. लीगने जुलैत शिक्षा ठोठावली ती दोन सामन्यांची. मादक द्रव्याचा नियम मोडला तर त्याहून मोठी शिक्षा होत असे. पुढे ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतले चित्रण जगासमोर आले. लोक खवळले. त्याच दिवशी संघाने त्याला काढून टाकले आणि लीगने बेमुदत बंदी घातली. ठोसा तोच, बाई तीच. बदलले होते ते इतकेच की आता लोकांनी तो डोळ्यांनी पाहिला होता.

तेव्हा खेळाडूंची युनियन लवादाकडे गेली. एकाच अपराधाला मालक दोनदा शिक्षा करू शकत नाही, हा तिचा मुद्दा होता. नोव्हेंबरात लवादाने तो मान्य करून बेमुदत बंदी रद्द केली. कित्येकांनी युनियनला शिव्या दिल्या. आम्ही देणार नाही. मारहाण करणाऱ्याची बाजू घेतली असे वरवर दिसते, पण ती बाजू नियमाची होती. आज मालकाला लोकक्षोभाच्या नावाखाली दुसरी शिक्षा करू दिली, तर उद्या तो संप करणाऱ्यालाही तशीच करील. आणि मालकाचा राग त्या मुलीसाठी नव्हता, तिकिटाच्या खिडकीसाठी होता, हे फेब्रुवारी ते सप्टेंबर ह्या सात महिन्यांनी दाखवून दिलेच आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, आमच्या सवयीप्रमाणे मुद्दे सुटे करू. खाती चार आहेत.

पहिले खाते विक्रमाचे. झालेल्या धावा झाल्या. लीड्सच्या धावफलकावरचे २४६ कोणी खोडू नये. इतिहास खोडणारा उद्या मारही खोडील.

दुसरे खाते शिक्षेचे. ते न्यायालयाचे. सनदशीर चौकशी, आरोपपत्र, बचावाची संधी, मग निकाल. ऐकीव गोष्टीवरून कोणाची इभ्रत घेऊ नये, हा नियम आम्ही कामगारासाठी मागतो, तो खेळाडूलाही लागू.

तिसरे खाते भाकरीचे. शिक्षा भोगलेल्या माणसाला पुन्हा काम मिळाले पाहिजे. त्याच भाकरीवर पुष्कळदा ती मार खाल्लेली बाई आणि तिची मुले जगत असतात.

चौथे खाते मानाचे. हार, फेटा, मिरवणूक, किताब, चौकाला नाव. आणि इथेच सगळी गफलत होते. मान ही मजुरी नव्हे. तो कोणाचा हक्क नाही. बोनस नाकारला तर कामगार दाद मागू शकतो; हार नाकारला म्हणून कोणत्या न्यायालयात जाणार? मान आपण आपखुशीने देतो, म्हणून तो कोणाला दिला ह्याची जबाबदारी घेणाऱ्याची नसून देणाऱ्याची असते.

हे चौथे खाते आम्हांस पुस्तकातून कळले नाही. आमच्या कामगार वस्तीतला एक कबड्डीपटू होता. चढाईला निघाला की प्रेक्षकांचा श्वास अडके. घरी बायकोला मारी, आणि पंचांपुढे त्याने ते कबूलही केले होते. मंडळाने १ मे रोजी त्याचा जाहीर सत्कार ठरविला. त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली. आम्हांस वाटले, नवऱ्याला अद्दल घडवा म्हणेल. ती म्हणाली, “भाऊ, त्यांची नोकरी घालवू नका, पगार घरात येऊ द्या. पण चौकात हार घालू नका. एकदा हार पडला की माझं कोण ऐकणार?”

आम्ही मंडळाला सांगून पाहिले. मंडळाने सत्कार केला. फटाके वाजले. ती बाई पुढे माहेरी निघून गेली. पुढची दोन वर्षे त्या वस्तीतून आमच्या कचेरीत तक्रार घेऊन एकही बाई आली नाही. मार थांबला होता म्हणून नव्हे. गाव कोणाच्या बाजूला उभे आहे ते त्यांनी चौकात पाहिले होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ ह्या काळात, १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांत कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या शंभरात अवघ्या चौदा. आपल्या देशात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, तो चांगला आहे. पण कायद्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट ह्या चौकातूनच जाते. तिथे हार घालणारे आपणच उभे असतो.

आणखी एक गोष्ट. खेळाडूचा पराक्रम त्याच्या एकट्याचा नसतो. पहाटे उठून त्याचा खुराक कोणी केला? घामाचे कपडे कोणी धुतले? तो सरावाला गेला असता आजारी मूल कोणी सांभाळले? त्या चषकात तिचे श्रम मुरलेले आहेत. तिच्या श्रमावर मिळालेला मान तिला मारणाऱ्याच्या गळ्यात घालणे म्हणजे तिची मजुरी बुडवून वर तिच्याच अंगणात मालकाची मिरवणूक काढणे होय.

“मग माणसाला सुधारण्याची वाट कायमची बंद करता काय?” असे आपण विचाराल. नाही करीत. रे राइसला त्या लीगमध्ये पुन्हा खेळता आले नाही. पण त्याने केले ते नाकारले नाही. पुढे वर्षानुवर्षे तरुण खेळाडूंपुढे उभे राहून आपल्या कृत्याविषयी तो बोलत राहिला. २०२३ च्या अखेरच्या दिवशी त्याच्या जुन्या संघाने त्याला मैदानावर बोलावून गौरविले. तो गौरव योग्य की अयोग्य ह्यावर मतभेद होईल. पण तो माणूस कबुलीच्या वाटेने तिथे आला. बॉयकॉट एकवीस वर्षांनंतर ‘सर’ झाला तो नकाराच्या वाटेने. फरक वर्षांचा नाही, वाटेचा आहे. काळ गेला म्हणून देणे फिटत नाही. फेडले म्हणजे फिटते.

म्हणून आपल्या तालमी, मंडळे, क्रीडासंघ आणि युनियनच्या शाखा ह्यांना आमची विनंती आहे. निकाल झाला असेल किंवा माणसाने स्वतः कबुली दिली असेल, तर त्याचा खेळ बघा, टाळ्या वाजवा, त्याला काम द्या. पण जाहीर सत्कार करू नका. त्याने चुकी मान्य करून भरपाई केली असेल, तर सत्काराचा विचार पुन्हा करा. मात्र त्या बैठकीत पहिला शब्द त्या बाईचा असू द्या. तिची ना असेल, तर हार पुडीतच राहू द्या.

फुलांचे काही बिघडत नाही. ती संध्याकाळपर्यंत सुकायचीच असतात.