रिकामी चौकट

आज कवितेविषयी नाही, रसायनशास्त्राविषयी बोलणार आहे. मी बी. ए. झालेला माणूस. दहावीनंतर कला शाखेला गेलो आणि परीक्षानळीशी संबंध संपला. ‘तुम्ही कशाला या भानगडीत पडता?’ असं कुणी विचारलं तर ते साहजिकच आहे. पण ज्या द्रव्यांनी हे जग आणि आपण स्वतः बनलो आहोत, त्यांचा हिशेब फक्त विज्ञान शाखेवाल्यांनीच ठेवावा, हे काही मला पटत नाही.

ज्याला वजन आहे आणि जे जागा व्यापतं ते द्रव्य, एवढं आपण सगळेच शाळेत शिकलो. या द्रव्याचे प्रकार समजायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. चिवडा हे मिश्रण. पोरं त्यातले शेंगदाणे वेचून खातात आणि पोहे तसेच ठेवतात. मिठाचं तसं नाही. मीठ सोडियम आणि क्लोरीनचं बनलेलं असतं. सोडियम हा पाण्यात टाकताच पेट घेणारा धातू, तर क्लोरीन विषारी वायू. १९१५ साली महायुद्धात याच वायूनं सैनिक मारले गेले. पण दोघांचा संयोग झाला की आमटीला चव येते. चिमूटभर मिठातून सोडियम वेचून काढता येत नाही, कारण ते संयुग आहे. आणि सोडियम स्वतः कशाचा बनलाय, असं विचारलं तर उत्तर ‘सोडियमचाच’. ते मूलद्रव्य. अशी आज ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. आपल्या शरीराच्या वजनातला सुमारे ९६ टक्के वाटा तर ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चौघांचाच आहे.

आमचे एक चाचा कल्हई करायचे. पितळेचं पातेलं भट्टीवर तापवायचे, त्यात नवसागराची पूड टाकायचे, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा गरागरा फिरवायचे. काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. चाचा फारसे शिकलेले नव्हते. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात ताक ठेवलं की कळकतं, आणि मध्ये कथलाचा पातळ थर आला की कळकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कोणता धातू कुणाशी कसा वागतो, याची माहिती त्यांच्या हातांत होती. नव्हती ती त्या माहितीची मांडणी.

१८६९ पर्यंत जगातल्या मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांची अवस्थाही फार वेगळी नव्हती. ६३ मूलद्रव्यं सापडली होती, त्यांचे गुणधर्म नोंदले गेले होते, पण सगळ्यांना मान्य होईल अशी मांडणी कुणालाच जमली नव्हती. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री मेंडेलीव्ह हा प्राध्यापक तेव्हा विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता. धड्यांचा क्रम कसा लावावा, हा त्याचा प्रश्न. त्यानं मूलद्रव्यं अणुभाराप्रमाणे, म्हणजे हलक्याकडून जडाकडे, मांडून पाहिली. तेव्हा दिसलं की ठरावीक अंतरानं तेच गुणधर्म पुन्हा येतात. गझलेत शेर बदलतो, विषय बदलतो, पण रदीफ ठरल्या जागी परत येतो, तसंच हे. सारख्या स्वभावाची मूलद्रव्यं एकाखाली एक बसली. हीच आवर्तसारणी.

पण सगळी घरं भरत नव्हती. सिलिकॉनच्या खाली आणि कथलाच्या वर बसेल असं मूलद्रव्य कुणाला माहीतच नव्हतं. मधली फट बुजवून पुढची मूलद्रव्यं मागे सरकवता आली असती. पण मग सगळ्यांचेच स्वभाव चुकीच्या घरात गेले असते. मेंडेलीव्हनं ती चौकट रिकामी ठेवली. नुसती ठेवली नाही, तर १८७१ साली आजूबाजूच्या शेजाऱ्यांवरून त्या बेपत्ता मूलद्रव्याचं वर्णनही लिहून टाकलं. रंग करडा, अणुभार ७२, घनता ५.५. नाव दिलं ‘एकसिलिकॉन’. हा ‘एक’ आपलाच, संस्कृतातला. सिलिकॉननंतरचं पहिलं घर, म्हणून एक.

पंधरा वर्षं गेली. १८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गला क्लेमेन्स विंकलर एका नव्या खनिजाचं पृथक्करण करत होता. सगळे घटक मोजले, पण बेरीज १०० येईना. सुमारे सात टक्क्यांचा हिशेब लागत नव्हता. त्या सात टक्क्यांत नवं मूलद्रव्य निघालं. रंग करडा, अणुभार ७२च्या जरासा वर, घनता ५.५च्या जराशी खाली. विंकलरनं आपल्या देशावरून त्याचं नाव जर्मेनियम ठेवलं. त्याआधी १८७५ साली गॅलियम आणि १८७९ साली स्कँडियम अशाच रिकाम्या चौकटींत येऊन बसले होते.

पुढे १९१३ मध्ये हेन्री मोस्ले यानं दाखवलं की खरा क्रम वजनाचा नाही, अणुक्रमांकाचा आहे. म्हणजे अणूच्या केंद्रात प्रोटॉन किती, याचा. सोन्यात ७९, शिशात ८२. फरक फक्त तिघांचा. पण भट्टीच्या आगीनं तो मिटत नाही. म्हणूनच शिशाचं सोनं करू पाहणाऱ्या किमयागारांचे जन्म वाया गेले. अरबी ‘किमिया’तून आलेला ‘किमया’ हा शब्द मात्र मराठीत राहिला.

आणि जर्मेनियमचं पुढे काय झालं? अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली पहिला ट्रान्झिस्टर बनला, तो जर्मेनियमचा. खिशात मावणारे, शेतावर नेता येणारे सुरुवातीचे रेडिओ त्याच्याच जोरावर बोलू लागले. नंतर ते काम सिलिकॉननं हाती घेतलं. म्हणजे त्याच स्तंभातल्या वरच्या घरानं.

हे सगळं आज सांगायला एक कारण आहे. २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून आवर्त वर्गीकरणाचा धडा वगळला गेला. मुलांवरचा भार हलका करायचा, आणि अकरावीला रसायनशास्त्र घेणाऱ्यांना तो मिळतोच, असं सांगण्यात आलं. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या पुस्तकात तो होता. पण श्रोतेहो, अकरावीला रसायनशास्त्र न घेणाऱ्यांचं काय? जे कलेला जातात, वाणिज्यला जातात, किंवा दहावीनंतर थेट कामाला लागतात, त्यांनी हा तक्ता कधी पाहायचा? ज्याला पुढे शिकायचंय त्याला तो कुठेतरी भेटेलच. दहावीतला धडा खरा लागतो तो पुढे न शिकणाऱ्याला.

घरात, शेजारी कुणाचं जुनं पुस्तक असेल तर तो तक्ता जरूर उघडा. पाठ करू नका, नुसता पाहा. तांबं २९ आणि जस्त ३०, अगदी शेजारी-शेजारी. कथील ५०. आणि त्याच्या डोक्यावर ३२ क्रमांकाचं ते घर, जे एका माणसानं ‘इथे कुणीतरी येणार आहे’ म्हणून पंधरा वर्षं राखून ठेवलं होतं.