‘अनो’: एका माओरी अव्ययाविषयी



डॉक्टराने व्याकरणावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. पण होमिओपॅथीत निम्मे काम ऐकण्याचेच असते. ‘डोके परत दुखतेय’ आणि ‘डोके अजून दुखतेय’ ही एकच तक्रार नव्हे. पहिलीत मध्यंतरी उतार पडला होता, दुसरीत पडलाच नाही. औषधाचा विचार त्या एका शब्दावर फिरतो.

न्यूझीलंडच्या माओरी भाषेत हा भेद असाच आहे. ‘माउइउइ’ म्हणजे आजारी. त्यामागून ‘तोनु’ आले तर अजून आजारी. ‘अनो’ आले तर पुन्हा आजारी. यातले ‘अनो’ (शेवटचा ‘ओ’ लांबवायचा) मोठे कामसू अव्यय आहे.

‘कोरेरो माई अनो’ म्हणजे मला पुन्हा सांगा. चहाचा पेला पुढे करून ‘अनो’ म्हटले, की ‘आणखी एक घ्याल?’ ‘नाकु अनो ते हे’ म्हणजे चूक माझीच. इथे ते आपल्या ‘च’चे काम करते आणि ‘च’सारखेच शब्दाच्या मागून येते. वाक्याच्या आरंभी बसले तर मात्र उद्गार होतो: ‘अनो ते पाई!’ – किती छान! निरोप घेताना म्हणतात, ‘का किते अनो’, पुन्हा भेटू. आपणही ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो.

पुन्हा, आणखी, स्वतःच – हे अर्थ दूरदूरचे वाटतात. पण नीट पाहा. पुन्हा म्हणजे तीच क्रिया, आणखी म्हणजे त्याच जातीची वस्तू, स्वतःच म्हणजे तोच माणूस, दुसरा नव्हे. ‘तेच’पणाचा धागा तिन्हींतून जातो, असे मला वाटते.

असे शब्द कोशातून येत नाहीत, कानातून येतात. माओरी समाजाने हे ओळखले. 14 सप्टेंबर 1972 रोजी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेपुढे गेला. शाळांत माओरी शिकवा, ही मागणी होती. 1982मध्ये ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, सुरू झाली. तिथे वडीलधारी माणसे चिमुकल्यांशी माओरीतच बोलतात. 1987च्या कायद्याने माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला.

वाचकहो, आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्या नातवंडांना पोळी, आमटी, आत्या हे शब्द येतात. पण ‘तो येणार म्हणे’ यातले ‘म्हणे’, ‘बस ना’ यातला ‘ना’ त्यांच्या तोंडी येतो का, ते एकदा कान देऊन ऐका. नामे शिकवता येतात. ‘म्हणे’ शिकवता येत नाही, रोज जेवताना बोलावे लागते. ‘माझी स्वतःची भाषा’ याला माओरीत ‘तोकु अनो रेओ’ म्हणतात. त्यातला ‘अनो’ काढला तर नुसती ‘माझी भाषा’ उरते.