जुनी मोटार कोणती ठेवावी?



या व्यासपीठावर गेले चार दिवस मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह झाला. त्या मानाने आमचा विषय अगदीच घरगुती आहे. परंतु ज्यांच्या दारात एखादी जुनी मोटार ताडपत्रीखाली उभी आहे, आणि जिच्यावरून घरात महिन्यातून एकदा तरी शब्दाला शब्द लागतो, अशी मंडळी या सभेत थोडीथोडकी नसतील. त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आमच्यावर प्रसंग आला तो असा. वाडा पाडून इमारत व्हावयाची ठरली. अंगणात मोटारी दोन : एक 1969 सालची स्टँडर्ड हेरल्ड आणि दुसरी 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. करारात जागा मिळाली ती एका गाडीपुरती. हेरल्ड वडिलांनी हौसेने घेतलेली. थोरल्या बहिणीची पाठवणी त्याच गाडीतून झाली. पद्मिनी आम्ही जुनी म्हणूनच विकत घेतली होती, तीही कामापुरती. घरात मते घेतली तेव्हा हेरल्डच्या विरुद्ध एकही हात वर झाला नाही. आमचाही नाही. तरी ठरविण्यापूर्वी एका जुन्या मिस्त्रींना बोलावून दोन्ही गाड्या दाखवाव्या, एवढा शहाणपणा सुचला.

हौशी माणूस प्रथम बॉनेट उघडतो आणि इंजिनाचा आवाज ऐकत मान डोलावतो. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. ते गाडीखाली गेले. इंजिन कितीही थकलेले असो, बोअरिंग करून, पिस्टन-बेअरिंग बदलून ते उभे करता येते आणि त्याचा खर्च आधी सांगता येतो. गंजलेल्या पत्र्याचे तसे नाही. वरून रुपयाएवढा फोड दिसतो, आणि रंग खरवडला की आत हात जाईल एवढे भोक निघते. डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या पहिल्या अंदाजावर विसंबून आजवर कोणाचे भागले आहे, हे आम्हांस ठाऊक नाही.

येथे या दोन गाड्यांच्या बांधणीतला फरक समजून घेतला पाहिजे. पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट अकराशे. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनविली आणि 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. दारांच्या खालून पुढून मागे जाणारी जी पोकळ पेटी असते, तिच्यावर सारा भार. ती पेटी कुजली की गाडी मधोमध खचू लागते. मिस्त्रींची परीक्षा सोपी होती : एका बाजूला जॅक लावून गाडी उचलावयाची आणि मग दार उघडून पुन्हा लावून पाहावयाचे. दार अडकले तर शरीर वाकते आहे असे समजावे. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक त्यांनी साऱ्या अंगावरून फिरविले. जेथे ते धरत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. पायाखालची सतरंजी उचलली, डिकीतले जादा चाक काढून त्याखाली ओल आहे का पाहिले. आमच्या पद्मिनीचा रंग पार उडालेला. पण ती सारा जन्म देशावर राहिली, खारी हवा तिला लागली नाही. दार सहज लागले.

हेरल्ड मद्रासला स्टँडर्ड कंपनीत 1961 पासून होऊ लागली. मूळ आराखडा इंग्लंडातल्या ट्रायम्फचा, रूप मिकेलोत्ती या इटालियन कारागिराचे. तिला वेगळी चासी आहे आणि वरचे शरीर तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसविलेले आहे. मडगार्डांसकट सारे तोंड पुढे कलते आणि इंजिन उघडे पडते. कामाला तिच्याइतकी सोयीची गाडी आम्ही पाहिली नाही. (वळणावर मागचे चाक आत वळण्याची तिची खोड मात्र प्रसिद्ध आहे, वडील घाटात तिला बैलगाडीच्या चालीने नेत.) परंतु चासीपासून दोन्ही अंगांना जे हात निघतात आणि शरीराला तोलून धरतात, त्यांत चिखल बसतो. मिस्त्रींनी पेचकस टोचला तो डावीकडच्या दोन्ही हातांत मुठीपर्यंत गेला. वरून मात्र गाडी आरशासारखी चकचकीत! ती चकाकी आम्हीच दोन वेळा पैसे मोजून आणली होती.

आता सुटे भाग. येथे हेरल्डची स्थिती मोठी गमतीची आहे. विलायतेत हेरल्डचे शौकीन पुष्कळ, त्यामुळे इंजिनाचे व ब्रेकचे भाग तिकडे आजही नवे होतात आणि टपालाने येतात. पण चार दारांची हेरल्ड निघाली ती मद्रासलाच. विलायतेत ती कधी झालीच नाही. तेव्हा मागचे दार चेपले तर त्याला जगात दुसरे दार नाही. पद्मिनीचे सामान नाना पेठेत चार दुकाने हिंडले की मिळते. पण हेही दिवस राहतील असे समजू नये. त्या बाजाराला पोसले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीने, आणि ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. कार्ब्युरेटर, ब्रेकचे रबर असे नेहमीचे सामान आम्ही आतापासून जमवून ठेवतो. अँबॅसडर 2014 पर्यंत निघत होती, म्हणून तिच्या मालकांस अजून उसंत आहे.

पेट्रोलकडेही पाहावे लागते. 2000 साली देशभर शिशाचे पेट्रोल बंद झाले. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने लवकर सुटतो. गाडी कोणतीही ठेवा, नळ्या आधी बदला. गरम इंजिनावर पेट्रोल गळणे हा थट्टेचा विषय नव्हे.

कागदपत्रांत आम्ही सपशेल नापास झालो. वडील जाऊन अकरा वर्षे झाली तरी हेरल्डचे आर. सी. बुक त्यांच्याच नावावर! वारसाने फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घ्यावयाची असते, पंधरा वर्षे झाली की फॉर्म 25 वर नोंदणी पुन्हा करावयाची असते. तीही आम्ही चुकविली होती. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे खरी. पण त्या गाडीत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत आणि ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. भाजी आणावयास नव्हे.

शेवटी मिस्त्रींनी विचारले, ‘‘साहेब, गेल्या वर्षात हेरल्ड किती वेळा बाहेर काढली?’’ आम्ही आठवून सांगितले, तीन वेळा. त्यांपैकी एकदा दोरीने ओढत परत आणली. पद्मिनी दर रविवारी बाहेर पडे. त्यावर ते काही बोलले नाहीत, चहा घेतला आणि गेले.

त्या रात्री आमच्या ध्यानात आले की आपण दोन प्रश्नांची गल्लत करीत होतो. ही गाडी जगावी काय, हा एक प्रश्न. आणि ती आपण जगवू शकतो काय, हा अगदी दुसरा. हेरल्ड जगावयास हवी होती, यात वाद नाही. पण आमच्याजवळ ना शेड, ना वेल्डिंगची विद्या, ना आता जागा. शेवटी गाडी नावावर करून, नोंदणीचे काम पुरे करून आम्ही ती साताऱ्याकडच्या एका गृहस्थांस दिली. त्यांच्याकडे लेथ आहे आणि दुसरी हेरल्ड आहे. चासी बदलली तर पुस्तकातला नंबर जुळावयाचा नाही, म्हणून ते जुन्याच चासीला नवे हात जोडणार आहेत. किती पैसे घेतले ते बहिणीला अजून सांगितलेले नाही, तेव्हा येथेही सांगत नाही. गाडी फाटकाबाहेर पडताना ती माडीवरून खाली आली नाही.

पद्मिनी आज मागच्या फाटकापाशी उभी आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर खुशाल यावे, खाली वाकून पाहावे. लोहचुंबक आमच्या खिशात आहे.