रजा आणि रोजी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संमेलनात शिष्यवृत्त्या, वसतिगृह व विवाहखर्च यांचा ऊहापोह दरवर्षी होतो, आणि तो योग्यच होय. आज आम्ही आपले लक्ष निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो. घरात बाळंतपण वा दुखणे उद्भवले असता नोकरदार माणसाची रोजी चालू राहावी की खंडित व्हावी, हा तो विषय.

या कार्याचा मान मुंबईकडे जातो. हिंदुस्थानातील पहिला प्रसूति-लाभ कायदा मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये केला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई कायदेकौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी असा विचार मांडला की, मातेस मिळणारी विश्रांती ही राष्ट्रहिताची गोष्ट असल्याने तिचा भार मुख्यतः सरकारने वाहावा. तथापि स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा टाळू नये.

पुढे १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवडे झाली. आता या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावल्या आहेत. रजा वाढली, हे उत्तम झाले. परंतु पैसा कोणी द्यावयाचा? कामगार राज्य विमा योजनेत तो मालक व कामगार यांच्या वर्गणीतून येतो. त्या योजनेबाहेर मात्र सारा भार एकट्या मालकावर पडतो. म्हणून नवविवाहित मुलीस नोकरी देताना तो कचरतो. जो कायदा तिच्या रक्षणासाठी झाला, तोच अशा रीतीने तिच्या वाटेत आडवा येतो.

याखेरीज दहांहून कमी नोकर असलेल्या दुकानांना ही सक्ती नाही. केंद्र सरकारच्या कर्मचारी पित्यास १५ दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीतील पित्यास तसा कायदेशीर हक्क नाही. वृद्ध आईबापांच्या शुश्रूषेसाठीही तेथे स्वतंत्र भरपगारी रजा नाही.

बंधूंनो, हा प्रश्न केवळ सरकारचा नव्हे. आपल्या ज्ञातीत पेढ्यांचे व दुकानांचे धनी पुष्कळ आहेत, आणि हिशेब लिहिणाऱ्या, विक्री सांभाळणाऱ्या मुलीही आहेत. ज्या मुलीस आपण शिष्यवृत्ती देऊन पदवीधर केले आणि याच व्यासपीठावर गौरविले, तिची नोकरी पहिल्या बाळंतपणात सुटली, तर आपली शिष्यवृत्ती फळास आली असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि चार नोकरांच्या दुकानदाराने सहा महिने दुहेरी पगार कोठून द्यावा, हेही तितकेच खरे. दोघेही आपलेच आहेत.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. सरकारने रजेच्या वेतनाकरिता सार्वजनिक निधी उभारावा, लहान दुकानांसही कायद्याच्या कक्षेत घ्यावे आणि पित्यास रजेचा हक्क द्यावा, असा ठराव या सभेने करून पाठवावा. परंतु सरकारची वाट पाहत बसणे आपणांस शोभणारे नाही. ज्ञातिनिधीचा एक हिस्सा वेगळा काढून, जो लहान दुकानदार आपल्या नोकर स्त्रीस, मग ती कोणत्याही ज्ञातीची असो, बाळंतपणाची भरपगारी रजा देईल, त्यास निम्मा भार या निधीतून द्यावा. समारंभातील एक भोजन कमी झाले तरी चालेल.

आपण हा प्रस्ताव मनावर घ्याल अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.