आतून कडी लागणारी ट्रॉली

आम्ही हिमायतनगर तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया.

आज आम्ही एका ट्रॉलीची गोष्ट सांगणार आहोत. ट्रॉली साधीच, दोन चाकांची. आठ फूट लांब, पाच फूट रुंद. मिनी ट्रॅक्टरमागं लावायची, शेणखत न्यायची, सोयाबीनची पोती आणायची. आमच्याच गटातल्या एका ताईच्या घरची. त्या ट्रॉलीवर आम्ही एक हलकी खोली बसवली. कशासाठी, कशी, आणि त्यात काय चुकलं, ते सांगतो.

आमची पायी दिंडी माघी वारीला पंढरपूरला जाते. आषाढीला आपल्याकडं पेरणी असते, बाईला घर सोडता येत नाही. माघात सोयाबीन विकून झालेलं असतं, तूर निघालेली असते, कापसाची शेवटची वेचणी तेवढी राहते. मग भोकर, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, बार्शी करत वीसेक दिवस चालायचं. मुक्काम कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी देवळाच्या मंडपात, कधी कोणाच्या शेतातल्या आखाड्यावर.

दोन वर्षांमागं आमच्या गटातल्या एक मावशी बैठकीत म्हणाल्या, "औंदा माझं नाव लिहू नका बाई." साठीच्या मावशी, अकरा वाऱ्या झालेल्या. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील. तर म्हणाल्या, "पाय चांगले हायेत माझे. जागा नाही."

पहिल्यांदा कोणाला कळलं नाही. मग एकेक जण बोलायला लागली. दिंडीत बाई पहाटे तीनला उठते, कारण उजाडल्यावर आंघोळीला आडोसा नसतो. दिवसभर पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं? लघवी तुंबवून ठेवायची, मग जळजळ, मग ताप. ओली साडी अंगावरच वाळवायची. पाळी आली तर बोलायची सोय नाही. अंगावर पिणारं लेकरू असलं तर पदराखाली घाम येईपर्यंत पाजायचं. मावशींना मागच्या वारीत लातूरजवळ लघवीच्या जळजळीनं ताप भरला होता. ते त्यांनी वर्षभर कोणालाच सांगितलं नव्हतं. आम्हीही शेजारीच चालत होतो, आम्हीही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी गटाच्या वहीत आम्ही कर्जाचा हिशोब लिहिला आणि खाली एक ओळ लिहिली: दिंडीत बायांसाठी आतून कडी लागणारी एक जागा पाहिजे.

गाडीत संसार ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. घिसाडी लोकांचं बिऱ्हाड आपण लहानपणापासून पाहतो. ऐरण, भाता, लेकरं, कोंबड्या, सगळं एकाच गाडीत. आपल्या आज्या माहेरी जायच्या त्या छपराच्या गाडीतून. वर बांबूच्या कमानी, त्यावर तट्टे, आत वाकळ अंथरलेली. तिकडं अमेरिकेतही १९३० च्या दशकात लोक घरच्या घरी पाण्याच्या थेंबासारख्या आकाराच्या छोट्या गाड्या बनवायला लागले. आत फक्त झोपायची जागा, आणि स्वयंपाक मागची झडप उघडून तिच्या सावलीत, बाहेर उभं राहून. आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये पर्यटनाच्या फिरत्या घरांसाठी धोरण आणलं. पण ती घरं लाखांच्या हिशोबातली. आपल्याला परवडणारं आज्जीचं छप्परच.

आधी आम्ही वेल्डिंगवाल्या दादांकडं गेलो. ते म्हणाले, चौकोनी पाइपचा सांगाडा करू, सगळीकडून पत्रा मारू, एकदम मजबूत. आमच्यातली एक पोरगी बारावी शिकलेली, तिनं तिथंच वहीत हिशोब मांडला. १८ गेजचा पत्रा एका चौरस मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास भरतो. चार भिंती आणि छत मिळून सोळा मीटर धरले तर पत्राच दीडशे किलो. पाइप वेगळा, लाकडी फळ्या वेगळ्या. सगळं मिळून अडीच क्विंटलच्या वर. ट्रॉली एवढं ओढेल, त्यात काही नाही. पण तीन गोष्टी अडल्या. एक, वजन उंचावर गेलं की खड्ड्यात ट्रॉली कलते. दुसरं, मिनी ट्रॅक्टर स्वतःच हलका. ट्रॉलीला वेगळा ब्रेक नसेल तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला पुढं ढकलते. आणि तिसरं, वारी संपल्यावर हा डबा उतरवायचा कोणी? त्याला आठ गडी लागणार. म्हणजे दरवेळी गड्यांच्या सवडीची वाट बघा.

म्हणून आम्ही ठरवलं: आपल्याला दोघींना मिळून उचलता येणार नाही असा एकही भाग करायचा नाही.

दुसरं कारण कायद्याचं. गाडीच्या नोंदणीत जे लिहिलंय, त्यात परवानगीशिवाय बदल करता येत नाही. त्यामुळं ट्रॉलीला काहीच वेल्डिंग केलं नाही, कापलं नाही, भोक पाडलं नाही. खोली वेगळी, ट्रॉली वेगळी. नटबोल्टच्या पट्ट्यांनी फाळक्यांना आवळायची, काम झालं की काढायची. तुम्ही करणार असाल तर आधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्या. आम्ही विचारलं. लांबी-रुंदी ट्रॉलीच्या बाहेर जाऊ देऊ नका, असं सांगितलं, ते पाळलं.

आता सामान सांगतो, लिहून घ्या. किनवटकडचा बांबू आणला. त्याच्या जाड कामट्यांच्या पाच कमानी केल्या. कमान गोलच पाहिजे. सपाट छतावर पाणी साचतं आणि ताडपत्री फाटते. बाजूंना बुरुड दादांकडून विणून घेतलेले तट्टे. वरून ताडपत्री, १८ फूट बाय १२ फूट, २०० जीएसएमची. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर ताडपत्रीचं ग्रॅममधलं वजन. या हिशोबानं एवढी मोठी ताडपत्री भरते फक्त चार किलो. रंग पांढरा घ्या; काळी दुपारी तव्यासारखी तापते. मागच्या बाजूला १२ मिलिमीटर प्लायवूडचं दार, आणि त्याला आतून कडी. पुढच्या बाजूला ताडपत्री सुरगाठीनं बांधलेली. रात्री काही झालं, दार अडकलं, तर आतून दोरी ओढली की पुढून बाहेर पडता येतं. ही दुसरी वाट विसरू नका.

ट्रॉलीचा तळ लोखंडी, माघात बर्फासारखा गार. त्यावर गोणपाटाचे दोन थर, मग तट्ट्या, मग वाकळ. दार, कमानी, तट्टे, ताडपत्री असं सगळं कापसाच्या वजनकाट्यावर घातलं, तर शंभर किलोच्या आत भरलं. झोपायला जागा तिघींची. वापरायला जागा सगळ्यांची. मुक्कामाला ट्रॉलीच्या एका अंगाला चार बांबू रोवून जुन्या ताडपत्रीची न्हाणी करायची, तिथंच आडोसा.

एवढं करून थेट पंढरपूरला निघायचं नाही, हे आम्हाला कळत होतं. दत्तजयंतीला माहूरला पायी जायचं ठरलं, तीच चाचणी. आणि बरं झालं, कारण तिथं दोन चुका कळल्या.

पहिली चूक पाण्याची. दोनशे लिटरचा ड्रम आम्ही मागं ठेवला, दाराजवळ. काढायला सोपा म्हणून. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, सगळ्या खोलीच्या दुप्पट वजन! सरळ रस्त्यावर ट्रॉली शेपटी हलवल्यासारखी डावी-उजवी व्हायला लागली. ट्रॅक्टर चालवणारा ताईचा मुलगा घाबरला, त्यानं बाजूला घेतलं. कोणाला काही सुचेना. मावशी मागून चालत आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "गाडी उलार झालीया की! मागं ओझं झालं की जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला फास बसतो. ट्रॅक्टर बोलत नाही म्हणून काय झालं?"

बैलगाडी हाकलेल्या घरच्या आपण बाया, आणि इंजिन दिसलं की घरचं शहाणपण विसरतो. ड्रम तिथंच अर्धा रिकामा केला आणि चाकाच्या आसाच्या जरा पुढं सरकवला. ट्रॉली सरळ झाली. तेव्हापासून आमचा नियम: जड सामान खाली आणि आसाच्या किंचित पुढं. फार पुढंही नाही, नाहीतर सगळा भार हुकावर येतो.

दुसरी चूक थंडीची. गार वारा लागतो म्हणून आम्ही रात्री सगळी भोकं कापडानं बुजवली. पहाटे अंगावर पाणी टपकायला लागलं. पाऊस नव्हता. आमच्याच श्वासाची वाफ ताडपत्रीला लागून थेंब होत होते, वाकळा ओल्या झाल्या. आता समोरासमोर दोन झरोके कायम उघडे ठेवतो, जाळी लावून. आणि बायांनो, हे नीट ऐका: कितीही थंडी असली तरी आत शेगडी, चूल, गॅस काही पेटवायचं नाही. बंद जागेत निखाऱ्याचा धूर दिसत नाही, तरी माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक बाहेर. आत उजेडाला सौरदिवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चालत्या ट्रॉलीत कोणी बसायचं नाही. थकलेली असो, लेकुरवाळी असो, कोणीही नाही. ४ एप्रिल २०२५ ला आपल्याच नांदेडजवळ आलेगावला ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली. शेतकामाला निघालेल्या गुंज गावच्या सात बाया गेल्या. आपल्यासारख्याच बाया, सकाळी भाकरी बांधून निघालेल्या. शेतीची ट्रॉली माणसं न्यायला नसते, कायदाही तेच सांगतो. आमची खोली थांबल्यावरची. ट्रॅक्टर थांबला, चाकांना पुढून-मागून दगड लावले, दांडीखाली आणि मागं टेकू दिले, मगच दार उघडायचं. चालताना दाराला बाहेरून कुलूप. जी थकेल ती पुढच्या मुक्कामाला एसटीनं जाते. बायांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी झालेल्यांना तर मोफत. तिच्याबरोबर एक जण जाते, तिचं तिकीट गट देतो.

हे सगळं झालं, तरी दिंडीत एक अडचण राहिलीच. काही जाणती माणसं म्हणाली, "वारीला निघालात का सहलीला? देवाच्या वाटेवर थोडं सोसावं." आम्ही वाद घातला नाही. मावशीच बोलल्या. म्हणाल्या, "बुवा, ऊन सोसते, थंडी सोसते, पायाचे फोड सोसते. पाणी न पिणं हे देवानं सांगितलेलं सोसणं नाही. ते तुम्ही न बघितल्यामुळं आहे." बुवा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच टाळकऱ्यांना सांगितलं, मुक्कामाला आधी बायांच्या ट्रॉलीला जागा करा, भिंतीच्या कडेला, उजेडाच्या जवळ.

तरी चौथ्या दिवशी कोणीतरी त्यात तंबूचे खांब टाकले, पाचव्या दिवशी तेलाचे डबे. रिकामी जागा दिसली की तिथं सामान येतंच, आणि बाईची जागा तर आधी भरते. मग आम्ही किल्लीची पाळी लावली. रोज एकीकडं किल्ली, गटाच्या वहीत सही. त्या दिवशी ती सांगेल तेच आत जाईल. आमच्यातली एक सून सासूसमोर कधी बोलत नाही. तिच्या पाळीच्या दिवशी तिनं सासऱ्यांची पिशवी परत केली. त्यावर दिंडीत लई हसलो आम्ही. सासरेही हसले.

खर्च म्हणाल तर बांबू, तट्टे, ताडपत्री, दार, नटबोल्ट सगळं गटाच्या बचतीतून झालं, कोणाकडं हात पसरावा लागला नाही. वारीहून आल्यावर ताडपत्री धुऊन वाळवली, घडी करून उंदरांपासून उंच टांगली. ट्रॉली दुसऱ्याच दिवशी शेणखताला गेली. उन्हाळ्यात हळद काढणीला बाया लांबच्या शेतात जातात, तेव्हा हीच खोली बांधावर उभी करायचा विचार आहे. लेकरांना झोळी बांधायला कमानी आहेतच.

यंदाच्या यादीत मावशींनी स्वतःचं नाव स्वतः लिहिलं, बारावी वारी. पहिल्या मुक्कामाला आम्ही त्यांना विचारलं, झोप लागली का? म्हणाल्या, "झोपेचं सोड. काल सांजच्याला तांब्याभर पाणी प्याले, घटाघटा. वारीत पहिल्यांदा."

तर बहिणींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारून बघा: शेतात, वारीत, जत्रेत, ऊसतोडीला गेल्यावर आपल्यातली कोण कोण दिवसभर पाणी पीत नाही? हात किती वर होतात ते मोजा. मग कोणाच्या घरी ट्रॉली आहे, ते बघता येईल.

राम कृष्ण हरी.